उतरलेलं दुखणं

आपल्या सख्ख्या भावाने आपल्याला पाहिलं आणि पाहिल्याबरोबर हातातला पेपर तोंडापुढे धरला, हे तिला आधी पटेचना. ती तपासणीच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली होती ती फक्त घोटभर चहासाठी. सकाळपासून सोनोग्राफीच्या मशीनपुढे बसून मान अवघडली होती, बोटांवरचा जेलचा बुळबुळीतपणा धुऊनही जात नव्हता, आणि दाराबाहेरच्या बाकांवर लघवी दाबून ताटकळलेल्या बायका तिच्याकडे असं बघत होत्या की जणू धरण तिनेच अडवलंय. त्यांच्या रांगेच्या शेवटी, खिडकीखालच्या बाकावर, तो पेपर उघडा होता. पेपर धरणाऱ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर वाकडं होतं. ते बोट लहानपणी दारात चेमटलं होतं आणि दार तिनेच लोटलं होतं, त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायचं कारण नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातली गत. हा माणूस साधी शिंक आली तरी तिला फोन करतो. गुडघा दुखला, फोन. सासऱ्यांना मूतखडा झाला, रिपोर्टांची पिशवी घेऊन रविवारी सकाळी दारात हजर. चारचौघांत तिची ओळख करून देताना ‘आमची फोटोवाली, पोटातले फोटो काढते’ असं म्हणून स्वतःच हसतो. तो माणूस तिच्याच दवाखान्यात, तिच्याच दारासमोर, पेपरमागे लपून बसला होता. आणि त्याच्या शेजारी तिचा पंधरा वर्षांचा भाचा, एका बाजूवर तिरका, मांड्या फाकवून, हातात उलटीची पिशवी धरून बसला होता.

“दादा, इथे काय करतोयस?”

पेपर हळूहळू खाली आला. “अगं, तू आहेस होय आज?” जणू ती इथे एरवी कधी नसतेच. “काही नाही. याचं जरा पोट बिघडलंय. तू कर तुझं काम, बायका खोळंबल्यात.”

पोट दुखणारं पोर पोट धरून बसतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. याचे हात पोटावर नव्हतेच. एका मुठीत पिशवी होती आणि दुसरी मूठ बाकाच्या कडेवर इतकी आवळली होती की पेरं पांढरी पडली होती. तोंड राखेसारखं. तिने विचारलं, “कुठे दुखतंय रे?” तर भाच्याने आधी बापाकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं. ती एक नजर तिने पाहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. अजून काही कळलं नव्हतं, पण राग आधी आला. तिचं हे असंच व्हायचं, राग आधी आणि कारण मागाहून, आणि बहुतेक वेळा कारण रागापेक्षा मोठं निघायचं.

कारण कळायला दोन मिनिटं पुरली. पहाटे चारच्या सुमाराला पोरगा झोपेतून ओरडत उठला होता. दोन उलट्या झाल्या. घरी वहिनी नव्हती, ती आठवडाभर तिच्या आजारी आईकडे गेलेली, आणि तिला फोनवर ‘पोट बिघडलंय’ एवढंच सांगितलेलं. बापाने पोराला पाणी दिलं, आडवं केलं, उन्हं वर येईपर्यंत वाट पाहिली. मग दवाखान्यात आणलं, तेही पोट म्हणूनच. खालच्या तरुण डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं. तेव्हा कुठे बाप त्याच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजला. डॉक्टरने पडद्याआड उभ्याउभ्या एक नजर टाकली, ‘इन्फेक्शन दिसतंय, सोनोग्राफी करून घ्या’ म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे वळला. आणि सोनोग्राफीच्या काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचून सांगितलं की पुरुषांची ती तपासणी चारनंतर, सर येतात तेव्हा.

“मी आत बसले होते ना,” ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. “चार पावलांवर.”

“मॅडम, पण तुम्ही ती तपासणी करत नाही ना.”

“कोण म्हणतं?”

मुलीने बोट दाखवलं. तिच्या डोक्यावरच भिंतीला पाटी होती, ‘पुरुषांच्या खाजगी तपासण्या चारनंतर, फक्त पुरुष डॉक्टरांकडे.’ तीही सुबक अक्षरांत.

तोवर एक वाजून गेला होता. भावाने हसून तिचा दंड धरला. चिडलेल्या धाकट्या बहिणीला असंच हसून आवरायची त्याची जुनी सवय. “अगं, एवढं काय त्यात. याला आता बरं वाटतंय. विचार ना.” आणि भाचाही मान हलवून म्हणाला, “हो आत्या, मघापेक्षा कमी आहे.” भाऊ म्हणाला, “बघ. मी म्हटलं होतं ना रे तुला? थांबतं म्हणून. मला माहीत आहे.” त्याच्या बोलण्यातली खात्री तेव्हा तिच्या कानांवरून नुसती गेली, कारण ती ‘कमी आहे’ या शब्दांपाशीच अडकली होती. नऊ तास जीव घेणारं ते दुखणं आपलं आपण कमी होतं, त्याची दोनच कारणं असतात. एक म्हणजे इंजेक्शन. आणि दुसरं म्हणजे जे दुखत होतं ते मेलं.

तिने भाच्याला दंडाला धरून उठवलं आणि रांगेतल्या सगळ्या बायकांच्या पुढून आत नेलं. एक म्हणाली, “अहो, आम्ही काय मेलोय का इथे?” आणि ती वळून म्हणाली, “थोडं थांबा, नाहीतर जाऊन मोकळ्या होऊन या, परत पाणी प्या.” त्या बाईने नंतर आठवडाभर तिच्या नावाने खडे फोडले असतील. फोडू देत. आत तिने दार लावलं, दिवा लावला आणि म्हणाली, “पँट खाली घे. मी डॉक्टर आहे आत्ता, आत्या संध्याकाळी होईन.” पोराने डोळे घट्ट मिटले. मशीनकडे हात जायच्या आधीच तिला दिसलं. डावी बाजू लालभडक सुजलेली, आतलं वृषण वर ओढलं गेलेलं आणि उभं असायच्या ऐवजी आडवं. तिने बोटाने मांडीच्या आतल्या बाजूला हलकी रेघ ओढली. उजवीकडे ओढली तेव्हा त्या बाजूची गोळी वर सरकली, जशी सरकायला हवी. डावीकडे ओढली तेव्हा काहीच हललं नाही. तिने पुन्हा ओढली. काही नाही. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला डॉक्टरसुद्धा सांगेल की हा पीळ आहे. ज्या दोरीला वृषण लोंबतं, ती दोरी ओलं फडकं पिळावं तशी पिळली जाते, तिच्यातून जाणारं रक्त थांबतं, आणि रक्त थांबलं की घड्याळ सुरू होतं. सहा तासांत सोडवलं तर बहुतेक वाचतं. बारा तासांनंतर नशिबाच्या गोष्टी. याला फोटो लागत नाही, रिपोर्ट लागत नाही, चार वाजताचे सर तर मुळीच लागत नाहीत. याला सर्जन लागतो, आणि तो लागतो पहाटे.

सर्जन वरच्या मजल्यावर जेवायला बसला होता. हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. तिने फोनवर सांगितलं तसं त्याने घास तोंडात ठेवूनच विचारलं, “सोनोग्राफी काय म्हणते?” ती म्हणाली, “सोनोग्राफीच बोलतेय. मशीन लावलेलं नाही आणि लावणार नाही. तुम्ही थिएटर उघडा.” तो पुढे एक शब्द बोलला नाही, डबा तसाच टाकून खाली आला, आणि त्या क्षणापुरता तिला जगातला तो एकच माणूस शहाणा वाटला. त्याने हाताने पीळ बाहेरच्या बाजूला उलगडता येतो का पाहिलं. नाही जमलं. स्ट्रेचर आलं. सर्जनने भावापुढे कागद धरला आणि सरळ सांगितलं, उघडून सोडवून बघतो, जिवंत झालं तर ठेवतो, नाहीतर काढावं लागेल, दुसऱ्या बाजूलाही टाके घालून पक्कं करतो, कारण ठेवण दोन्हीकडे सारखीच सैल असते. मग त्याने विचारलं, “घरात कुणाला झालं होतं का असं? तुम्हाला? भावांना?”

“नाही,” भाऊ म्हणाला. ताबडतोब म्हणाला. आणि पुढचा प्रश्न यायच्या आत कागद ओढून सही केली.

स्ट्रेचर गेलं. थिएटरच्या दाराशी नुसतं उभं राहून काही होत नाही, हे तिला माहीत होतं. ती खाली आली आणि तिने रांगेतल्या पहिल्या बाईला आत घेतलं. दिवा मालवला, पोटावर जेल ओतलं, हातातलं यंत्र फिरवायला लागली. तिचा हात चालत होता. यकृत, पित्ताशय, उजवी किडनी. मन मात्र बाहेरच्या पाटीवर जाऊन आदळत होतं. ती पाटी लागली तेव्हाची बैठक तिला शब्दन् शब्द आठवत होती. कुणा पेशंटच्या नातेवाइकाने तक्रार केली होती की बाईमाणसाने असली तपासणी करणं शोभत नाही. व्यवस्थापक तिच्यासमोर हात जोडून उभा होता. ‘मॅडम, हे तुमच्यासाठीच केलंय. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये. तुमच्या मानाचा प्रश्न आहे.’ ती म्हणाली होती, मला अवघडत नाही, गर्भाशयाच्या गाठी बघते, अर्धवट पडलेले गर्भ बघते, मेलेली बाळं बघते, तेव्हा माझा मान कुठे गेलेला असतो? तो आणखी नम्र झाला. शिवी दिली असती तर तिने उत्तर दिलं असतं. पण मान देणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती भांडली, हरली, आणि पाटी लागली. तिचा मान भिंतीवर टांगला गेला, आणि त्या मानाखाली आज तिचा भाचा दीड तास बसून होता. बाकावरून तिच्या दारापर्यंत अंतर चार पावलं. त्या चार पावलांत एक तरुण डॉक्टर, एक काउंटरवरची मुलगी, एक व्यवस्थापक आणि एक बाप, असे सगळे सभ्य लोक उभे होते, आणि प्रत्येकाने हळू आवाजात, सौजन्याने, त्या पोराला थांबवून ठेवलं होतं.

“मॅडम, हळू दाबा हो,” टेबलावरची बाई म्हणाली.

“चुकलं,” ती म्हणाली आणि हात सैल केला. दुसरी बाई आली. पुन्हा जेल, पुन्हा काळ्या पडद्यावर करडे ढग. आणि त्या अंधारात मघाशी कानांवरून गेलेलं ते वाक्य परत येऊन बसलं. थांबतं. मला माहीत आहे. त्याला काय माहीत आहे? हिशेबनीस माणूस तो, आयुष्य आकड्यांत गेलेलं. ज्याला साध्या तापाची गोळी कोणती हे बहिणीला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही, त्याच्या आवाजात ही खात्री कुठून आली? ‘थांबेल’ नाही म्हणाला. ‘थांबतं’ म्हणाला. रोजचा अनुभव असावा तसं. तिच्या हाताखाली त्या बाईची किडनी स्वच्छ, सुंदर दिसत होती, घेवड्याच्या दाण्यासारखी, आणि तिला एकदम त्यांच्या लहानपणच्या घरातली बंद खोली दिसली.

तेव्हा ती नऊ वर्षांची असेल, दादा चौदाचा. सुट्टीचा दिवस होता. दादा खोलीत जमिनीवर मुरगळून पडला होता आणि कण्हत होता, जनावर कण्हतं तसा. तिला तो आवाज अजून ऐकू येतो, कारण तोवर तिने दादाला कधी रडताना ऐकलं नव्हतं. आई रबरी पिशवीत गरम पाणी भरून आत नेत होती. बाबा दाराशी येरझारा घालत होते. शाळेत भूमिती शिकवणारा माणूस, सगळ्याचं उत्तर असणारा, त्या दिवशी नुसता चष्मा पुसत होता. तिने दारातून डोकावलं तर आईने तिच्या डोळ्यांवर हात ठेवून तिला मागे लोटलं. ‘तू शेजारी जा. हे तुझ्यासाठी नाही.’ तिने विचारलं, दादाला काय झालंय? ‘काही नाही. पोट.’ ती शेजारच्या काकूंकडे दिवसभर वाटाणे सोलत बसली. संध्याकाळी बोलावणं आलं तेव्हा दादा भिंतीला टेकून दूधपाव खात होता. घामेजलेला, थकलेला, पण शांत. आई हसत म्हणाली, ‘उतरलं गं बाई दुखणं.’ आणि बाबांनी, जे वाढदिवसालाही हात आखडता घेत, त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं. तिला ते घर तसं आनंदी पुन्हा कधी आठवत नव्हतं. चौघं एका दिव्याखाली बसून आइस्क्रीम खात होती. बाबा चक्क विनोद सांगत होते. दादाने स्वतःच्या वाटचा अर्धा तुकडा तिला दिला होता, आणि तिला वाटलं होतं, हा रोज आजारी पडावा.

त्यानंतर दादाने पोहायला जाणं सोडलं. कुठे पाहुणा म्हणून गेला तर सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायचा, दाराला आतून कडी घालून. मामाकडे सगळी पोरं विहिरीत उड्या मारायची तेव्हा हा काठावर कपडे राखत बसायचा, आणि सगळे त्याला ‘चौकीदार’ म्हणायचे. तीही म्हणायची. तिला तो शिष्ट वाटायचा. लग्न ठरलं तेव्हा महिनाभर त्याची झोप उडाली होती आणि सगळ्यांनी त्याची टिंगल केली होती. हे सगळे तुकडे इतकी वर्षं तिच्यापाशीच होते. ती त्यांना हिशेबात धरत नव्हती एवढंच. दुसऱ्यांच्या पोटातलं मुगाएवढं काही असलं तरी तिला दिसायचं, आणि घरातलं हे दिसलं नव्हतं.

तिने यंत्र जागेवर ठेवलं, बाईच्या हातात पुसायला कागद दिला आणि तशीच, हाताला जेल लागलेलं, जिना चढून वर गेली. भाऊ थिएटरच्या बाहेर एकटाच बसला होता. पेपर गुंडाळून दोन्ही हातांत धरला होता.

“तुलाही हेच झालं होतं,” ती म्हणाली. “त्या सुट्टीत. आपण आइस्क्रीम खाल्लं त्या दिवशी.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तरी त्याने आवाज उतरवलाच. “हळू बोल.”

“हेच झालं होतं का?”

“हो.”

“मग?”

“मग काय. संध्याकाळपर्यंत थांबलं. आपोआप थांबतं गं ते. म्हणून तर मी याला म्हणत होतो…”

“थांबलं नाही दादा, मेलं. मेलेलं दुखत नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिला दिसलं की त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे तिचा राग निवण्याऐवजी आणखी भडकला, कारण आता तो कुठे टाकायचा तेच कळेना. “पुढे त्या गोळीचं काय झालं?” तिने विचारलं. “लहान होत गेली,” तो म्हणाला. “आहे की. शेंगदाण्याएवढी.” “डॉक्टरला दाखवलीस कधी?” “कशाला? मुलगा झाला ना मला.” “वहिनीला माहीत आहे?” तो कसनुसं हसला. “अंधारात काय कळतंय.” अशा वेळीही तो विनोद करू शकत होता. त्यांच्या घराण्याचा हा गुणच होता. तिला वाटलं, हातातल्या त्या गुंडाळीनेच याला बडवावं. बाबा हयात असते तर त्यांनाही, आईलाही, आणि मग कुठेतरी बसून मोठ्याने रडावं. सबंध दवाखान्यात, सगळे डॉक्टर धरून, ते दुखणं स्वतःच्या अंगात भोगलेला हा एकच माणूस होता. पहाटे पोराचं पहिलं ओरडणं ऐकून ज्याने एका क्षणात ओळखलं असा एकच माणूस. आणि त्यानेच पोराला आडवं करून सांगितलं होतं, होतं असं कधी कधी, सोस थोडं, थांबतं.

“मला एक फोन केला असतास,” ती म्हणाली. “सासऱ्यांच्या मूतखड्यासाठी करतोस.”

“तुला कसं सांगणार गं,” तो म्हणाला. “बहीण ना तू.”

तो हे अगदी प्रेमाने म्हणाला. तेवढ्यात दार उघडून सर्जन बाहेर आला. त्याने टोपी काढली नव्हती. “दोन पूर्ण वेढे होते,” तो तिला म्हणाला. “सोडवलं. गरम कपड्यात गुंडाळून बराच वेळ वाट पाहिली. रंग परत येईना, चिरून पाहिलं तर रक्त नाही. काढलं. उजवी बाजू छान आहे, टाके घालून बसवलीय.” मग तो भावाकडे वळला. “पहाटेच आणलं असतंत तर ठेवता आलं असतं.” त्याने यात काही विशेष सुनावलं नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं आणि गेला.

सर्जनला बघून उठलेला भाऊ पुन्हा बाकावर बसला. तिला शेजारी बसावंसं वाटलं नाही. ती उभीच राहिली. मग तो हळूच म्हणाला, “हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगू. पोरालाही, तुझ्या वहिनीलाही. टाका तर दिसणारच आहे. पुढे त्याची सोयरीक बघायची वेळ येईल, लोकांच्या तोंडाला काय हात लावणार आपण? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू डॉक्टर आहेस, तू सांगितलंस की कुणी शंका घेणार नाही.”

“मी एक अक्षर खोटं सांगणार नाही,” ती म्हणाली. “आणि खरंही मी सांगणार नाही. त्याला तू सांगायचंस. त्याच्या तोंडावर. आज.”

“आजच कशाला? जरा सावरू दे की त्याला.”

“थांबतं म्हणतोस?” ती म्हणाली.

पोराला वॉर्डात आणलं तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायांपर्यंत उतरलं होतं. पूर्ण शुद्धीवर यायला त्याने वेळ घेतला. मध्ये दोनदा त्याने पाणी मागितलं, दोनदा तिने ओला बोळा ओठांना लावला. डोळे नीट उघडले तेव्हा त्याने आधी हात पांघरुणाखाली नेला, बँडेजला लागल्यावर थबकला आणि परत बाहेर घेतला. मग बापाकडे बघून म्हणाला, “बाबा, काढली?”

भावाने तिच्याकडे पाहिलं. ती सलाइनचे थेंब बघत राहिली.

“हो,” तो म्हणाला. “एक काढली. दुसरी चांगली आहे, पक्की बसवलीय. काही अडत नाही रे एकावर. डॉक्टरांना विचार हवं तर. आत्याला विचार.” तो पुढे सरकला, आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं, जे इतक्या वर्षांत आईपाशी, बायकोपाशी, कुणापाशीच आपणहून निघालं नव्हतं. “माझंच बघ ना. माझीही एक अशीच गेली. तुझ्याएवढा होतो. अडलं का माझं काही? शिकलो, नोकरी लागली, लग्न झालं, तू झालास.” त्याने पोराच्या केसांवर हात ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच तिला भावाची दया आली. तो चौदा वर्षांचा दिसला तिला, मुरगळून पडलेला, आणि त्याच्याभोवती उभी असलेली ती सगळी माणसं दिसली, ज्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. तिला वाटलं, आता पुरे, आता याला जवळ घ्यावं.

पोरगा छताकडे बघत होता. “तुम्हालाही असंच दुखलं होतं?” त्याने विचारलं.

“असंच रे. अगदी असंच.”

“उलट्या झाल्या होत्या?”

“झाल्या होत्या की.”

“म्हणजे पहाटे तुम्हाला माहीत होतं.”

हे त्याने विचारलं नाही. सांगितलं. भावाचा हात केसांवर होता तिथेच राहिला. तो तिच्याकडे वळला, लहानपणी बाबांचा मार चुकवायला वळायचा तसा, तू काहीतरी बोल म्हणून. बोलण्यासारखं होतंही पुष्कळ. की त्याला वाटलं थांबतं. की त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. की तोही पोरच होता तेव्हा. सगळं खरं होतं, आणि ती त्यातलं काहीही बोलली असती तर पोराने ऐकलं असतं, कारण त्याचा आत्यावर विश्वास होता. ती बोलली नाही. तिचा राग इतका वेळ तिच्या एकटीचा होता. आता तो त्या पोराच्या डोळ्यांत आला होता, आणि तिथे तो तिच्या रागापेक्षा कितीतरी शांत होता.

पोराने बापाच्या हाताखालून डोकं बाजूला घेतलं. हळूहळू घेतलं, कारण हलताना टाके ओढत होते.

“आत्या,” तो म्हणाला, “आईला फोन लाव.”

“मी बोलतो तिच्याशी,” भाऊ घाईने म्हणाला. “आधी मी सांगतो तिला नीट, मग तू बोल.”

“नको,” पोरगा म्हणाला. “मी सांगतो. तुमचंही सांगतो.”

तिने फोन लावला आणि त्याच्या कानाशी धरला.